हळदीआधीचं ब्लीच

पाचोरा,
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय योगराज,

हे पाकीट मिरच्या वाळवायच्या पथारीवर फोडत असशील तर आधी हात धू. मिरचीच्या हाताने तू डोळे चोळतोस आणि मग बैलासारखी मान हलवत सगळ्या वाळवणातून फिरतोस, ते मी पाहिलेलं आहे. नंतर कुणी म्हणायला नको की भूमिकाचं पत्र वाचून योगराज रडला. रडायचंच असेल तर घरी जाऊन, दार लावून रड, पण पत्र पूर्ण वाचून. अर्ध्यावर फाडलंस तर मी दुसरं लिहीन, आणि ते तुझ्या वडिलांच्या, आबांच्याच नावाने टाकीन.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याचा आधी फार राग आला होता. आता वाटतं, बरं झालं. आपल्या दोघांचं 'हॅलो' संपलं की भांडण सुरू होतं. तू तिकडून ओरडतोस, मी इकडून, आणि ज्यासाठी फोन लावला ते राहूनच जातं. कागदावर मला मध्येच तोडायला तू नाहीस. शिवाय जे सांगायचं आहे ते हल्ली मी चारचौघींत हसत सांगते, पण तुला सांगायचं म्हटलं की जीभ आखडते. बेबामावशीच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. समोर तिची शेळी बांधलेली आहे, आणि ती तुझ्यासारखीच माझ्याकडे संशयाने बघते आहे.

गेल्या वैशाखात आपलं लग्न होतं. हळदीला थोडेच दिवस उरले असताना मी म्हटलं, लग्न पुढे ढकला. का, ते सांगितलं नाही. आईने विचारलं, आमच्या नानांनी विचारलं, तू तर विचारायला पाचोऱ्यापर्यंत आलास. मी बोलले नाही म्हणून लोकांनी आपापली कारणं लावली. आमच्या धुळ्यात म्हणे पोरीला कावीळ झाली. तुमच्या दोंडाईचात म्हणे पोरीचं दुसरीकडे आहे. तुझ्या आईला काय वाटलं ते मला ठाऊक आहे, कारण सुंदरबाईंनी स्वतःच ते माझ्या आईला फोनवर ऐकवलं: "आमचा पोरगा मिरचीत लोळतो, तुमच्या शिकलेल्या पोरीला वास येत असेल." शिकलेली मी किती, ते तुला माहीत आहे. आणि वासाचं म्हणशील तर मला तो आवडतो. बाजारात मिरचीच्या दुकानावरून गेले की शिंक येते, आणि शिंक आली की मी अजूनही मागे वळून बघते, तू आहेस का म्हणून. हे वाचून फार फुगू नकोस. पुढे बरंच आहे.

खरं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आपल्या कॉलेजपर्यंत. झूलॉजीच्या जर्नलमध्ये माझ्या आकृत्या सगळ्या वर्गात फिरायच्या. गांडूळ, झुरळ, ससा, सगळ्यांची प्रजननसंस्था मी टोकदार पेन्सिलने, बाणांसकट काढलेली. तू माझ्याच आकृत्या उतरवायचास आणि तुझा बाण हमखास भलतीकडे जायचा. मग माणसाचा धडा आला. सर म्हणाले, हे घरी वाचा, सोपं आहे. आम्ही मुली बाकावरच्या रेघा मोजत बसलो, तुम्ही मागे खिदळलात. घरी मी वाचलं. गर्भाशय, नळ्या, बीजांडं, सगळं पोटाच्या आतलं. बाहेरच्या अंगाबद्दल दोन ओळीसुद्धा नव्हत्या. पुढे त्याच सरांनी भर वर्गात तुझ्या-माझ्यावरून टोमणा मारला, मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडले. तू मागून धावत येऊन म्हणालास, "भूमे, इतकं चिडायचं नसतं." मग मी तुझ्यावरही चिडले. दुसरं वर्ष तिथेच सुटलं.

नाना म्हणाले, घरात बसून भिंतींशी भांडशील, त्यापेक्षा काही शीक. म्हणून देवपुरातल्या किरणताईंच्या पार्लरात जायला लागले. हे तुला माहीत आहे, पण तिथे काय चालतं ते तुला काय माहीत असणार. लग्नसराईत नवरीमुलींची रांग लागायची. ब्लीच कालवायला माझा हात बसला होता. क्रीम किती, पावडर किती, कुणाच्या कातडीवर किती वेळ ठेवायचं. आधी कोपराच्या आत लावून बघायचं, चुरचुरलं तर लगेच पुसायचं. माझ्या हातून आजवर एकीचाही गाल लाल झाला नाही असं किरणताई गिऱ्हाइकांना सांगायच्या. दिवसभर आमचं काम एकच, काळं कुठे आहे ते शोधायचं. मान, काखा, कोपरं, गुडघे. असं वर्षभर शोधत राहिलं की डोळ्यांना दुसरं काही दिसेनासं होतं. एकदा एक नवरी हळूच म्हणाली, "ताई, खालीपण करतात का?" किरणताई म्हणाल्या, "तिथे मी हात लावत नाही बाई, तुझं तू बघ." सगळ्या हसल्या. मी पण हसले.

घरी गेल्यावर बाथरूमची कडी लावली, मोबाइलचा कॅमेरा उलटा धरला आणि एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. लाजू नकोस, वाच. मला वाटलं होतं तिथे एक सरळ, गुळगुळीत रेघ असेल. तिथे घड्या होत्या. आतल्या दोन घड्या बाहेर डोकावत होत्या, एक लांब, एक आखूड, कडेला जांभळट काळ्या. मला वाटलं काहीतरी बिघडलेलं आहे. मग फोनवर शोधायला लागले, आणि फोनचं कसं असतं, तुम्ही घाबरलात हे त्याला कळलं की तो आणखी घाबरवतो. कुणी सांगत होतं, तिथे काळं असलं की मुलगी वाया गेलेली. कुणी सांगत होतं, लांब झालं असलं की समजायचं, नवऱ्याआधी कुणीतरी येऊन गेलं. कुणी तिथे गोरं करायचं क्रीम विकत होतं. योगराज, आपण हातात हात धरण्यापलीकडे कधी गेलो नाही, ते तू जाणतोस आणि मी जाणते. तरी मला उठता-बसता एकच दिसायचं: तू बघशील, तोंड फिरवशील, आणि सकाळी मला धुळ्याच्या बसमध्ये बसवून देशील. तुझ्यावर माझा विश्वास होता रे. माझं अंगच माझ्याविरुद्ध खोटी साक्ष देईल, असं वाटत होतं.

आणि त्याच्याही आधी हळद. आपल्याकडे नवरीला पाटावर बसवून मामी, काकू, आत्या अंगाला तेल-हळद चोळतात, ओल्या परकरात न्हाऊ घालतात, आणि तोंडाला येईल ते बोलतात. कुणाची नजर कुठे जाईल, कोण काय म्हणेल, आणि ते गाण्यात गुंफून तुझ्या आईपर्यंत कसं जाईल, याच विचाराने माझं जेवण सुटलं. आई म्हणायची, सासरला जायच्या विचाराने वाळते आहे पोरगी. शेवटी एका दुपारी घरात कुणी नसताना मी माझ्याच हाताने ब्लीच कालवलं. दुसऱ्यांच्या पोरींना कोपरावर लावून बघणारी मी, स्वतःच्या बाबतीत काही बघितलं नाही. आग व्हायला लागली तेव्हा दात आवळून बसले. म्हटलं, आग होते आहे म्हणजे काम करतं आहे. धुवायला उठले तोवर कातडी सोलवटली होती. तुमच्या पथारीवरच्या बायांच्या हातांची मिरचीने आग झाली की त्या तूप चोळतात, असं तू सांगितलं होतंस. मी पण तूप लावलं. सकाळी फोड आले. लघवीला बसले की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं, म्हणून पाणी प्यायचं सोडलं.

आता सांग, मी पाटावर कशी बसणार होते? आणि आईला कोणत्या शब्दात सांगणार होते? तिने मला त्या जागेचं नावच कधी दिलं नव्हतं. पाळी आली तेव्हा कपाटातून पॅड काढून दिलं आणि म्हणाली, देवाला शिवू नको. तिच्या आईने तिला तेवढंही दिलं नसेल, म्हणून तिला काय बोलू. मी फक्त एवढं म्हटलं की लग्न पुढे ढकला, आणि बस धरून मावशीकडे पाचोऱ्याला आले.

तू आलास तो दिवस मला पक्का आठवतो. मी आतल्या खोलीत पालथी पडलेली, आणि तू बाहेर ओरडतोयस, "दार उघाड भूमे, नही ते तोडी टाकसू." मला त्या आगीतसुद्धा बरं वाटलं होतं. कुणीतरी माझ्यासाठी दार तोडायला निघालं आहे, असं कुणाच्या नशिबी असतं. पण उघडलं असतं तर तू विचारलं असतंस, आणि माझ्याकडे सांगायला शब्द नव्हता. मावशी पायरीवर उभी राहून तुला म्हणाली, "दार मन्हं शे, जवाईबापू. तोडं ते भरी देनं पडी." तू गेलास. गाडीला किक मारताना दोनदा चुकलास, ते मला आतून ऐकू आलं. त्या दिवशीच तू मला ब्लॉक केलंस.

संध्याकाळी मावशीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेवशी ते जेव. पन तू बदकगत चालस, ते मी देखी ऱ्हायनू. पोट ते नही ना व्हयनं?" तिच्या मनात काय आलं असेल, बघ. मी म्हटलं, नाही गं मावशी, जळलंय. तिला वाटलं कुणीतरी जाळलं. काठी घेऊन उठलीच ती. मग मी तिच्या मांडीत तोंड खुपसून सगळं सांगितलं. जागेचं नाव न घेता कसं सांगितलं ते मलाच माहीत नाही. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, उद्या चारुलताबाईंकडे जायचं, आणि तू आडवी आलीस तर शेळीसारखी दोरीने नेईन.

डॉक्टर चारुलतांचा दवाखाना बी-बियाण्याच्या दुकानावर आहे. बाई पन्नाशीच्या, आवाज फाटका, टेबलावर कायम भाजलेल्या शेंगा. मला वाटलं होतं हसतील नाहीतर रागावतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. हाताला चटका बसलेला माणूस बघावा तसं बघितलं, मलम दिलं, साधं पाणी आणि सैल सुती कपडे, बाकी तूप, हळद, साबण, डेटॉल काही काही लावायचं नाही म्हणाल्या, आणि पाणी भरपूर पी. लघवी करताना वरून तांब्याने पाणी सोडत राहा, आग कमी होईल. एवढी साधी गोष्ट. त्या रात्री मी पोटभर पाणी प्यायले.

जखम भरल्यावर दाखवायला गेले तेव्हा मी धीर करून विचारलं की ते आधीचं जे होतं, काळं, एक लांब एक आखूड, त्याचं काय करायचं. डॉक्टर म्हणाल्या, "तुला बघायचंय का? नको असेल तर नको." मी हो म्हटलं. त्यांनी हातात आरसा दिला. मावशी पडद्यापलीकडे होती, तिला म्हटलं तूही आत ये, मला एकटीला भीती वाटते. मग डॉक्टरांनी शेंगदाणे निवडावे इतक्या सहज एकेक नाव सांगितलं. हे बाहेरचं सगळं मिळून भग. हे मोठे ओठ, यांच्यावर केस येतात, आतल्या नाजूक भागाला हे गादीसारखे जपतात. हे आतले लहान ओठ. नावाला लहान, पण कुणाचे मोठ्यांच्या बाहेर येतात, कुणाचे आतच राहतात, बहुतेकींचे जोडीने सारखे नसतात. वर ते जिथे मिळतात तिथे कातडीच्या टोपीखाली दाण्याएवढी शिश्निका. तिला देवाने सुखाशिवाय दुसरं काम दिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मी आरशातून नजर काढून छताकडे बघितलं. तिच्या खाली लघवीचं बारीक छिद्र, आणि त्याच्या खाली योनीचं तोंड, पाळी येते ते. इथे मावशी पुढे वाकली. "थांबा बाई, परत दाखवा." डॉक्टरांनी परत दाखवलं. मावशी मटकन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तीन पोरे व्हयनात, नि माले आज समजनं का रस्ता दोन शेतस."

मी म्हटलं, पण काळं? डॉक्टर म्हणाल्या, वयात येताना तिथला रंग गडद होतो, तुझा, माझा, गोऱ्यापान बाईचासुद्धा. आणि लांब-आखूड? त्यांनी मावशीचं डोकं धरलं आणि दोन्ही बाजूंना वळवून दाखवलं. "हिचे कान बघ. डावा वेगळा, उजवा वेगळा, आतल्या घड्यापण वेगळ्या. कुणी म्हणतं का की बेबाबाईला ऐकू येत नसणार?" मावशीला राग आला. तिचा डावा कान बुगडीने फाटलेला आहे, त्याबद्दल ती हळवी आहे. मग मी शेवटचं विचारलं, जे विचारायला मी खरं तर गेले होते. बघून कळतं का हो, मुलगी कशी आहे ते? डॉक्टरांनी शेंग फोडायची थांबवली. "इतकी वर्षं बाया तपासते आहे. बघून मला कुणाचं चारित्र्य कळलेलं नाही. योनीच्या तोंडाशी असतो त्या पडद्यावरूनसुद्धा कळत नाही, तो कुणाचा कसा असतो, कुणाला नसतोच. ज्याला कळतं म्हणतो त्याला माझ्याकडे पाठव, त्याचे डोळे तपासू." खाज सुटली, घाण वास आला, गाठ लागली, फोड आला तर ये. रंगासाठी आलीस तर बाहेर काढीन, असंही म्हणाल्या.

परत येताना मी आणि मावशी रिक्षात एकमेकींकडे बघून हसत होतो. रिक्षावाल्याला वाटलं असेल लॉटरी लागली. मावशी मध्येच म्हणाली, आपल्या बाया हळदीला विहिणीवर कसली गाणी म्हणतात, तिच्या एका अंगाला सोडत नाहीत, आणि दवाखान्यात गेल्या की "पोटात दुखतंय" म्हणून परत येतात. मला वाटलं, तुम्ही मुलं तरी काय करता? एकमेकांच्या आई-बहिणीवरून दिवसभर तेच नाव घेता. म्हणजे शिवी देणाऱ्याकडे नाव आहे, गाणं म्हणणारीकडे आहे, फक्त ज्या बाईचं अंग आहे तिच्याकडे नाही. या गोष्टीचा मला इतका राग आला की त्या रात्री झोपले नाही. तुला माहीत आहे माझा राग. पण हा पहिलाच राग होता की ज्यात मी काही आपटलं नाही.

आता मी इथल्याच एका पार्लरात जाते. थ्रेडिंग करते, केस कापते, ब्लीच मागितलं तर चेहऱ्यापुरतं करते, कोपरावर लावून बघून. एक क्रीमवाला नमुने घेऊन आला होता, "खासगी भागाच्या उजळपणासाठी" म्हणे. मी त्याला म्हटलं, आधी तू स्वतःला लाव, मी इथे बसून बघते. तो पुढच्या दुकानात गेला, तिथेही मी त्याच्या मागे गेले. मालकीण म्हणते, भूमिका, तू गिऱ्हाईक घालवतेस. पण घालवत नाही मी, उलट पोरी मागच्या दाराने येऊन बसतात, आधी भुवया करून घेतात आणि मग हळूच विचारतात. मी आरशासमोर कपडे बदलते आता. पूर्वी अंधारात बदलायचे. आंघोळीत हात लागला की पूर्वी परक्या माणसाला धक्का लागल्यासारखा मागे घ्यायचे. आता नाही. एवढंच आहे, फार मोठं काही नाही, पण अंगात राहायला आल्यासारखं वाटतं. आणि जूनमध्ये पुन्हा दुसऱ्या वर्षाला नाव घालते आहे. त्या सरांच्याच वर्गात बसेन, आणि तो धडा घरी वाचा म्हणाले तर हात वर करीन. चिडून नाही. नाही म्हणजे, प्रयत्न करीन.

डॉक्टर आजूबाजूच्या गावांत बायांच्या बैठका घेतात. मी सोबत जायला लागले. त्यांच्याकडे प्लास्टिकचा एक नमुना होता, गुलाबी, परदेशी बाहुलीसारखा. बाया बघायच्या आणि म्हणायच्या, आमचं असं नाही. पुढचं कुणी ऐकायचंच नाही. मग मी शिंप्याकडून परकराच्या कापडाचे उरलेले तुकडे आणले, चॉकलेटी, तपकिरी, जांभळट, आणि मावशीच्या मशीनवर एक शिवला. मोठ्या ओठांत कापूस भरला, आपल्याच मावसभावाच्या शेतातला. आतल्या ओठांना सॅटिन. एक लांब ठेवला, एक आखूड, मुद्दाम. शिश्निकेला शर्टाचं बटण कापडात गुंडाळलं. पहिल्यांदा एका गावात तो बाहेर काढला तेव्हा कुणी हात लावेना. मग एका म्हातारीने पदराने हात पुसले, तो उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "अरे, ही तर मन्ही शे." हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी. त्यानंतर तो हातोहात फिरला, आणि फिरता फिरता विचारणाऱ्या सुरू झाल्या. कुणाला बाळंतपणातले टाके अजून ओढतात, कुणाला नवरा काय काय बोलतो, कुणाला वाटतं आपल्याला शाप आहे. शेवटी मी माझं ब्लीचचं सांगते. गाव सांगते, नाव सांगत नाही. आजवर नव्हतं सांगितलं.

आता तुला वाटत असेल की हे सगळं झाल्यावर हिला मी आठवलो. तसं नाही. तू रोज आठवतोस. मी रोज तुला एक शिवी देते आणि मग तोंड गोड करायला तुझ्या वाटणीचा गूळ स्वतः खाते. तू मला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं असतंस की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. विचारायची संधीच मी तुला दिली नाही, आणि तुलाही या बाबतीत कुणी काही सांगितलेलं नाही, तुझा बाण आठवतो मला. म्हणून ते उत्तर मी गृहीत धरणार नाही, ना चांगलं, ना वाईट. फक्त एवढं सांगते की आता तू काहीही म्हणालास तरी मी ब्लीचच्या डब्याला हात लावणार नाही.

आणि पत्र का लिहिलं ते आता. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची बैठक दोंडाईचात आहे, तुमच्याच गल्लीतल्या बचत गटाच्या हळदीकुंकवाला. बोलावणं सुंदरबाईंनी धाडलं आहे. डॉक्टरांसोबत कोण येतं ते त्यांना माहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, तू राहू दे, मी दुसरी कुणी नेते. मी म्हटलं, मीच येणार. तुझ्या आईच्या हातात तो कापडी नमुना मी देईन, आणि माझं लग्न का पुढे गेलं ते त्या दिवशी नाव घेऊन सांगेन, कारण त्या गल्लीत माझ्या नावावर जे चढलं आहे ते दुसऱ्या कुणाच्या नावाने उतरणार नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या दोंडाईचाला कळेल. ते तुला मिरचीच्या हमालाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हा कागद. सुंदरबाई घरी येतील तेव्हा कदाचित गप्प असतील. माझ्याबद्दल त्यांना काही विचारू नकोस. त्यांना फक्त विचार, आई, तुलापण कधी काही होत होतं का, जे तू कुणाला बोलली नाहीस? त्या चिडतील, चिडू दे. पाणी दे आणि जवळ बसून राहा. नंतर वाटलं तर स्टेशनवर ये. आमची गाडी संध्याकाळची आहे, आणि ती बहुतेक वेळेवर येत नाही. तेवढ्या वेळात तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. भांडायला आलास तरी चालेल, या वेळी मध्ये दार नसेल.

अजून तरी तुझीच, आणि आता थोडी माझीही,
भूमिका